दोष कोणाचा?

मराठी भाषेंत ‘दोष’ या एकाच शब्दाला दोन कामें करावीं लागतात. एखाद्याला डोळ्यांनीं नीट दिसत नसलें तर त्याच्या दृष्टींत दोष आहे असें आपण म्हणतों, आणि एखाद्यानें शेजाऱ्याची भिंत पाडली तर दोष त्याचा आहे असेंही आपण म्हणतों. पहिल्या वाक्यांत केवळ न्यूनाचा निर्देश आहे, दुसऱ्यांत अपराधाचा. परंतु शब्द एकच असल्यामुळें एका पाटाचें पाणी दुसऱ्या पाटांत केव्हां शिरलें हें बोलणाऱ्याच्याही ध्यानांत येत नाहीं. मुलाच्या ठिकाणीं जन्मतः कांहीं दोष आहे एवढें ऐकलें कीं ‘दोष कोणाचा?’ हा प्रश्न ओठांवर आपोआप येतो. ‘खोट’ या शब्दाचीही तीच कथा. आणि ‘खाण तशी माती’ ही म्हण तर मातीविषयीं बोलण्याचा बहाणा करून निकाल देते तो खाणीविरुद्ध.

हा नुसता शब्दच्छल आहे असें वाचकांनीं समजूं नये. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या स्नेहांतल्या एका कुटुंबांत पहिला मुलगा जन्मास आला. त्याचे डोळे किंचित् तिरपे, नाकाचा वरचा भाग बसका, अंग सैल, तळहातावर दोहोंऐवजीं एकच आडवी रेघ. शिवाय छातीला नळी लावतांच हृदयांत कांहीं वावगा आवाज ऐकूं आला. डॉक्टरीणबाईंनीं आपला संशय स्पष्ट शब्दांत सांगितला आणि रक्त तपासणीस पाठविलें. बाराव्या दिवशीं बारसें व्हावयाचें होतें तें झालें. पण पाळण्याभोंवतीं जमलेल्या बायकांचा आवाज कांहीं केल्या चढेना. माजघरांत मुलाचे चुलत आजोबा आम्हांस म्हणाले, “आमच्या घराण्यांत असें कोणी नव्हतें.” संध्याकाळीं मुलाच्या आईचे मामा आम्हांस पोहोंचवावयास रस्त्यापर्यंत आले आणि तेंच वाक्य अक्षरशः बोलले. लग्नाच्या वेळीं मानपानाच्या एकाही बाबतींत ज्या दोन पक्षांचें एकमत झालें नव्हतें, त्यांचें या एका वाक्यावर झालें. बाळंतिणीनें मात्र असें कांहीं म्हटलें नाहीं. तिनें आपल्या आईला एवढेंच विचारलें कीं, ग्रहणाच्या दिवशीं मीं विळीवर भाजी चिरली होती, त्याचें हें फळ असेल कां?

तिच्या प्रश्नाचें उत्तर आज देतां येतें, आणि तें ‘नाहीं’ असें आहे. मनुष्याच्या शरीरांतील पेशींत ४६ गुणसूत्रें असतात. २३ आईकडून आलेलीं, २३ बापाकडून. हा आंकडासुद्धां फार जुना नाहीं. तीस वर्षांहून अधिक काळ पाठ्यपुस्तकें ४८ सांगत होतीं आणि सूक्ष्मदर्शकांतून पाहणारे विद्वान् ४८ मोजीतही होते. १९५६ सालीं जो हिन च्यो आणि अल्बर्ट लेवान यांनीं स्वीडनमधील लुंड येथें केलेली मोजणी प्रसिद्ध केली, तेव्हां कोठें इतरांनाही ४६ दिसूं लागलीं. आपण त्यांना ‘गुणसूत्र’ असें भारदस्त नांव दिलें आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘रंग घेणारा पिंड’ एवढाच होतो. कारण रंग दिल्यावांचून तीं सहसा दिसत नाहींत. त्या नांवांत गुणही नाहीं आणि दोषही नाहीं, म्हणून आमच्या मतें तेंच अधिक प्रामाणिक आहे. असो. बीज तयार होतांना या ४६ चीं २३ व्हावीं लागतात. जोडीजोडीनें उभीं राहिलेलीं गुणसूत्रें एकमेकांचा हात सोडून दोन बाजूंना जातात. कधीं कधीं एखादी जोडी सुटत नाहीं. ती २१ व्या क्रमांकाची असली तर बीजांत त्या क्रमांकाचीं दोन गुणसूत्रें उतरतात, दुसऱ्या बीजांतील तिसरें येऊन मिळतें आणि ४७ गुणसूत्रांचें मूल जन्मास येतें. यालाच डाउन सिंड्रोम म्हणतात. साधारणपणें ७०० ते १,००० जन्मांमागें असें एक मूल असतें. शंभरांतील सुमारें ९५ मुलांच्या बाबतींत प्रकार हाच. त्यांच्या आईबापांच्या पेशींत कांहींएक वावगें नसतें, आजाआजींच्याही नसतें. म्हणजे ‘आमच्या घराण्यांत असें कोणी नव्हतें’ हें वाक्य बहुतेक वेळां खरेंच असतें. फक्त त्यावरून जो निष्कर्ष काढावयाचा असतो, तो निघत नाहीं.

आतां, ही जोडी न सुटण्याची घटना दहांपैकीं सुमारें नऊ वेळां आईच्या बीजांत घडते. हें सत्य लपविण्यांत अर्थ नाहीं, आणि ‘पहा, अखेर आईचेंच ना?’ असें म्हणणाऱ्यांच्या तें कामीं येईल हेंही आम्ही जाणतों. पण तें बीज तयार केव्हां होतें? मुलीचीं स्त्रीबीजें ती स्वतः आपल्या आईच्या पोटांत असतांनाच तयार होऊं लागतात. विभाजनाची क्रिया तेथेंच सुरू होते आणि जोड्या हातांत हात घालून उभ्या असतांनाच थबकते. मग पंधरा, पंचवीस, कधीं चाळीस वर्षांनीं त्या त्या महिन्यांत पिकणाऱ्या बीजांत ती पुढें चालू होते. इतका काळ ताटकळत राहिलेल्या जोड्यांचे बंध सैल पडतात, म्हणून आईच्या वयाबरोबर धोका वाढतो: विशीच्या सुमारास १,५०० जन्मांमागें एक, पस्तिशीस ३५० मागें एक, चाळिशीस १०० मागें एक, अशी कांहींशी ती चढण आहे. तरीही असलीं बरींचशीं मुलें तरुण मातांच्याच पोटीं जन्मतात, कारण एकंदर मुलेंच त्यांना अधिक होतात. तेव्हां ज्या बीजापासून नातू झाला त्याचा आरंभ आजीच्या पोटांत झाला होता. दोष मग कोणाच्या पदरीं बांधावयाचा? आजीच्या? तिनें त्या वर्षीं ग्रहण अगदीं कडकडीत पाळलें असेल.

एवढें कळावयास जवळजवळ शंभर वर्षें लागलीं. १८६६ सालीं इंग्लंडांतील अर्ल्सवुड येथील मतिमंदांच्या आश्रमाचे प्रमुख डॉ. जॉन लँग्डन डाउन यांनीं या मुलांचें वर्णन प्रसिद्ध केलें. आणि त्याच वर्षीं ब्रुन येथील मठाच्या बागेंत वाटाणे लावणाऱ्या मेंडेलचा निबंध छापला गेला. डाउनसाहेबांची दृष्टि तीक्ष्ण होती, कल्पना मात्र त्या काळच्याच. चेहऱ्यावरून त्यांनीं या मुलांना ‘मंगोल’ वंशांत ढकललें. जणूं गोऱ्या आईच्या पोटीं दुसराच वंश वाट चुकून आला! हें नांव सुमारें शंभर वर्षें टिकलें. १९६१ सालीं कित्येक शास्त्रज्ञांनीं ‘लॅन्सेट’ पत्रांतून त्यास हरकत घेतली, आणि १९६५ मध्यें मंगोलियाच्या प्रतिनिधींच्या विनंतीवरून जागतिक आरोग्य संघटनेनें तें टाकून दिलें. डाउनसाहेब १८९६ मध्यें वारले. पुढें कांहीं वर्षांनीं त्यांच्याच एका मुलाच्या घरीं जो नातू जन्मास आला तो असाच होता. यांत ईश्वरी न्याय शोधणारे लोक भेटतील. आम्हांस त्यांत २१ व्या गुणसूत्राखेरीज दुसरें कांहीं दिसत नाहीं.

ज्यांनीं तें गुणसूत्र शोधून काढलें त्यांच्याविषयीं येथें दोन शब्द लिहिले पाहिजेत. १९५९ सालीं पॅरिसहून जो निबंध निघाला त्यावर तीन नांवें होतीं: लझन, गोतिए, त्युर्पां. पेशी जिवंत ठेवून वाढविण्याची विद्या मार्थ गोतिए या डॉक्टरबाईंनीं अमेरिकेंतून शिकून आणली होती. प्रयोगशाळा त्यांनीं जवळजवळ रिकाम्या हातीं उभारली, आणि पेशी वाढविण्याकरितां लागणारा मानवी रक्तद्रव स्वतःच्याच रक्तांतून काढला. कीर्ति मात्र मुख्यतः लझन यांच्या वांट्याला आली. निबंधावर बाईंचें नांव मधलें, आणि तेंही चुकीचें छापलेलें. त्यांच्या कामाचा न्याय्य उल्लेख होण्यास २०१४ साल उजाडलें, आणि २०२२ मध्यें त्या वारल्या. बोल लावतांना बाईचें नांव आधीं घ्यावयाचें आणि श्रेय देतांना मध्येंच कोठें तरी दडपावयाचें, ही रीत केवळ आपल्या माजघरांतली नाहीं एवढाच याचा अर्थ.

कांहीं सुधारक मंडळी यावर एक तोड सुचवितात. ते म्हणतात, आजवर बायकांना बोल लावला, आतां पुरुषांना लावूं. त्यांच्यापाशीं पुरावाही आहे. मुलगा कीं मुलगी हें पित्याच्या बीजावरून ठरतें. तरी मुलीमागून मुली झाल्या म्हणून सवत आली ती आईच्या उरावर. ज्या मुलींना एकच ‘एक्स’ गुणसूत्र मिळतें, ज्यांची उंची खुंटते व पुढें बहुधा मूल होत नाहीं, त्यांच्यांत हरवलेलें गुणसूत्र बहुतेक वेळां बापाकडचें असतें. कित्येक पुरुषांत एक ‘एक्स’ जास्त असतें. त्यांचीं ४७ भरतात. पण बाह्यतः कांहीं दिसत नाहीं म्हणून अनेकांना तें जन्मभर कळतही नाहीं, आणि मूल होत नाहीं म्हणून सोळा सोमवार मात्र त्यांच्या बायका करीत बसतात. जनुकांतले बारीकसारीक नवे फेरबदलही बापाच्या बीजांतूनच अधिक येतात, व बापाच्या वयाबरोबर वाढतात. हें सर्व सत्य आहे आणि तें घरोघर सांगितलें पाहिजे, याविषयीं आमचा वाद नाहीं. पण पित्यानेंही आपलें बीज निवडून पाठविलेलें नसतें. आरोपी बदलला तरी खटला तोच राहिला. ज्या कृत्यांत हेतु नाहीं, हयगय नाहीं, जें टाळण्याचा मार्गच कर्त्याच्या हातीं नाहीं, किंबहुना ज्याला कृत्य म्हणतांही येत नाहीं, त्याचा आरोप मुळीं कोणावरच चालत नाहीं.

असें असतां मनुष्याला दोष शोधल्यावांचून राहवत कां नाहीं? आम्हांस वाटतें, याचें उत्तर त्या बाळंतिणीच्या प्रश्नांतच आहे. तिच्यावर अद्याप कोणी उघड आरोप केला नव्हता. तिनें तो आपण होऊन ओढवून घेतला. ग्रहणांत भाजी चिरली म्हणून असें झालें असें एकदां ठरलें, कीं पुढच्या खेपेस विळी उचलली नाहीं म्हणजे झालें. अपराधाला निदान प्रायश्चित्त असतें. योगायोगाला तें नसतें. जगांत नियम आहे आणि आपण तो मोडला, हें दुःख सोसवतें. नियम होता, पण तो आपल्याकडे पाहत नव्हता, हें सोसवत नाहीं. अपराधी होण्यांत एक प्रकारचा मोठेपणा तरी आहे. केवळ जोडी सुटली नाहीं म्हणून आपल्या सगळ्या आयुष्याची वाट वळली, ही गोष्ट मनुष्याच्या अभिमानाला फार खालीं आणते. तेव्हां तिला ‘तुझा कांहीं दोष नाहीं’ असें सांगणें म्हणजे निव्वळ दिलासा देणें नव्हे. तिच्या हातची एक काठीही आपण काढून घेत असतों. सांगितलें तर पाहिजेच. पण तें सांगून टाकून चपला पायांत घालावयाच्या नसतात, थोडा वेळ बसावयाचें असतें.

कोणी कर्मसिद्धांत पुढें करतील. त्या सिद्धांताचा खरेखोटेपणा ठरविण्याचा आमचा अधिकार नाहीं. परंतु त्याचा शब्दार्थ नीट पाहिला तर त्यांत सासूबाईंना आधार सांपडत नाहीं. ज्याचें कर्म त्यानें भोगावें, असें तो सांगतो. मुलाच्या देहानें आईचें कर्म फिटतें असें तो सांगत नाहीं. सुनेला बोल लावावयाचा असला म्हणजेच हा सिद्धांत आठवावा आणि स्वतःच्या गुडघेदुखीच्या वेळीं दमट हवेकडे बोट दाखवावें, हें तर मुळींच बरें नव्हे.

न्यूनाला अपराध मानण्याची ही संवय घरापुरती राहिली असती तरी पुष्कळ होतें. विसाव्या शतकांत तिनें राज्यकारभार हातीं घेतला. आपल्या इरावतीबाई कर्वे १९३० च्या सुमारास बर्लिन येथें ज्या संस्थेंत शिकल्या, तिच्या नांवांतच मानववंशशास्त्र, मानवी आनुवंशिकता व सुप्रजाजनन असे तीन विषय एका माळेंत ओंवले होते. संस्थेचे प्रमुख ऑयगेन फिशर हे गोऱ्या वंशाच्या श्रेष्ठत्वाचे पुरस्कर्ते. इरावतीबाईंनीं कवट्यांच्या दोन बाजूंतील विषमता मोजली, आणि तिचा वंशाशीं संबंध दिसत नाहीं असा निष्कर्ष त्याच गुरूंपुढें मांडला. त्या परतल्यानंतर थोड्याच वर्षांत, १९३३ सालीं, जर्मनींत ‘आनुवंशिक रोगी’ संततीस प्रतिबंध करणारा कायदा झाला, आणि त्याखालीं सुमारें चार लक्ष स्त्रीपुरुषांस बळानें निर्बीज करण्यांत आलें. १९३९ पासून तर अपंग मुलांना मारण्यापर्यंत मजल गेली, व त्यांत डाउनचीं मुलेंही होतीं. या क्रौर्याचा निषेध करावयास फार बुद्धि लागत नाहीं. आम्हांस एक निराळी गोष्ट दाखवावयाची आहे. हा कायदा त्याच्या स्वतःच्या हिशेबानेंही खोटा होता. डाउनचीं बहुतेक मुलें निरोगी आईबापांच्या पोटीं दर पिढींत नव्यानें जन्मतात; कोणालाही निर्बीज केलें तरी त्यांची संख्या हालत नाहीं. त्याच काळांत इंग्लंडांत लायोनेल पेन्रोझ नांवाचे क्वेकर पंथाचे डॉक्टर कोल्चेस्टर येथील एका संस्थेंतील १,२८० रोग्यांचीं कुटुंबें एकेक करून तपासीत होते. आईचें वय कीं बापाचें, हा गुंता त्यांनींच १९३३ सालीं गणितानें सोडविला व आईच्या वयावर बोट ठेवलें. पण त्या बोटानें त्यांनीं आरोप केला नाहीं. पुढें लंडन विद्यापीठांत त्यांना सुप्रजाजननाचें अध्यासन मिळालें, आणि त्यांनीं त्या नांवाशीं अशी चिकाटीनें झुंज घेतली कीं १९६३ सालीं तें ‘मानवी आनुवंशिकता’ असें बदललें.

येथवर वाचून कोणी विचारील, मग काय, कोणावरच कसली जबाबदारी नाहीं? आहे. ती कारणापासून उत्पन्न होत नाहीं, ज्ञानापासून होते. आणि येथें आम्हांस पुन्हां त्या घराकडे वळावें लागतें.

रक्ताचा निकाल कांहीं आठवड्यांनीं आला, आणि तो नेहमींच्या मासल्याचा नव्हता. मुलाचीं गुणसूत्रें ४६ च भरलीं. पण २१ व्या क्रमांकाचें एक जास्तीचें गुणसूत्र १४ व्या क्रमांकाच्या एकाला चिकटून बसलेलें होतें. शंभरांतील तीन-चार मुलांत असा प्रकार आढळतो, आणि त्यांपैकीं कांहींत तो आईकडून किंवा बापाकडून आलेला असतो. म्हणून दोघांचें रक्त तपासलें. आईचीं ४५ निघालीं. तिच्याजवळ सामग्री सगळी होती, फक्त दोन गांठोडीं एकत्र बांधलेलीं. त्यामुळें ती स्वतः पूर्ण निरोगी, पण तिच्या प्रत्येक गरोदरपणीं असें मूल होण्याचा संभव शंभरांत दहापंधरा, व गर्भ टिकत नाहींत ते निराळेच. तिचे वडील हयात नव्हते. आईनें रक्त दिलें, तिचींही ४५. तेव्हां त्या वृद्ध बाईंना पहिल्यानेंच आठवलें, किंवा पहिल्यानेंच उच्चारतां आलें, कीं त्यांचे स्वतःचे दोन गर्भ तिसऱ्या महिन्यांत गेले होते. त्या दोघांची गणना घराण्यांत कोणी केलीच नव्हती.

निकालाचा कागद मुलाच्या आईनें कपाटांत लुगड्यांच्या घडीखालीं ठेवला आणि तो वर्षभर तेथेंच राहिला. तिला एक धाकटी बहीण आहे. तिच्यांतही हाच प्रकार असण्याचा संभव जवळजवळ निम्मा. आणि तिच्यासाठीं तेव्हां स्थळें पाहणें चाललें होतें. सासरचे म्हणत, झाकली मूठ सव्वा लाखाची. माहेरचे म्हणत, तिचें एकदां होऊन जाऊं दे. नात्यागोत्यांत हें सांगण्याचा अधिकार डॉक्टरीणबाईंना नव्हता. त्यांनीं ‘बहिणीला कळविलें पाहिजे’ असें बजावून ठेवलें होतें. एके दिवशीं ती मुलगी आमच्याकडे आली आणि म्हणाली, “काका, तुम्हीच सांगा, काय करूं?” एवढें सगळें वाचून बसलेले आम्ही, आम्हीं तिला सांगितलें, “घाई कशाला? आधीं लग्न तर होऊं दे.”

हें उत्तर भ्याडपणाचें होतें. तें देतांना आमच्या मनांत त्या धाकट्या मुलीचें हित होतें असें आम्ही पुष्कळ दिवस समजत होतों. वस्तुतः तिचें हित कशांत आहे हें ठरविण्याचें साधन आम्ही तिच्या हातून काढून घेत होतों. ज्याच्या देहांत ती गोष्ट आहे त्याला ती कळण्याचा पहिला हक्क आहे. स्थळ पाहावयास येणाऱ्यांचा नव्हे, त्यांच्या मध्यस्थांचा तर नव्हेच. त्यांच्या हातीं असा कागद पडला तर काय होईल तें उघड आहे. पत्रिकेंतल्या मंगळाला आतां कोठें लोक थोडे कमी भिऊं लागले आहेत, तों त्याच्या जागीं गुणसूत्रांचा मंगळ येऊन बसेल. छत्तीस गुणांबरोबर सेहेचाळीस गुणसूत्रेंही जुळवून पाहतील. ही भीति खोटी नाहीं. पण तिच्यावर उपाय म्हणून बहिणीपासून बहिणीची गोष्ट लपवावी, हें आम्हांस आतां पटत नाहीं. न्यूनाला आपण अपराध मानतों म्हणून तें लपवितों. आणि लपवितों म्हणून ज्याला तें वेळेवर कळावयास हवें त्यालाच कळत नाहीं.

वेळेवर कळून तरी काय करावयाचें, हा याहून अवघड प्रश्न. गरोदर स्त्रीच्या रक्तावरून, अथवा गर्भजल-परीक्षेनें, मुलाचीं गुणसूत्रें जन्मापूर्वीं पाहतां येतात. आणि १९७१ च्या कायद्यानें व त्यांतील २०२१ च्या दुरुस्तीनें, गर्भांत गंभीर व्यंग असल्यास गर्भपाताची मुभाही दिली आहे. या परीक्षेचें आपल्याकडे पूर्वीं काय झालें तें सर्वांस ठाऊक आहे. गुणसूत्रांचे दोष पाहण्याकरितां आलेली ही विद्या मुली मारण्याच्या कामीं लागली. १९८८ सालीं महाराष्ट्रानें देशांत सर्वांत आधीं तिच्यावर कायद्याचा निर्बंध घातला, १९९४ मध्यें देशभर कायदा झाला, तरीही २०११ च्या शिरगणतींत सहा वर्षांखालील १,००० मुलग्यांमागें महाराष्ट्रांत ८९४ च मुली राहिल्या. म्हणून कांहीं लोक ती परीक्षाच नको म्हणतात. तें आम्हांस मान्य नाहीं. जिला तें मूल वाढवावयाचें आहे तिनें जाणून निर्णय घ्यावा. तो कोणताही असो, आम्ही तिच्या उंबऱ्याबाहेरच उभे राहूं. भीति दुसरीच आहे. डेन्मार्कमध्यें २००४ पासून ही तपासणी सर्व गरोदर स्त्रियांना देऊं करण्यांत आली, आणि तेथें निदान झालेल्यांपैकीं बहुतेक स्त्रिया गर्भपातच पतकरतात. सक्ति कोणी केली नाहीं. पण सर्वच जण एका वाटेनें जाऊं लागले म्हणजे दुसऱ्या वाटेवर गवत वाढतें. ज्या बाईनें तपासणी केली नाहीं, किंवा करूनही मूल ठेवलें, तिला उद्यां आपले लोक विचारतील: “वेळीं तपासून कां घेतलें नाहींस?” नीट कान देऊन ऐकलें तर हें त्या चुलत आजोबांचेंच वाक्य आहे, केवळ नवे कपडे घालून आलेलें. पूर्वीं निदान योगायोगाची एक पळवाट होती. आतां मूल म्हणजे आईबापांनीं समजूनउमजून केलेलें कृत्य ठरणार, आणि त्याच्या औषधाचा, शाळेचा, म्हातारपणाचा भार उचलण्याची वेळ आली कीं समाज हात झटकून मोकळा होणार.

आणि ज्या मुलांविषयीं हें सर्व चाललें आहे, तीं आहेत तरी कशीं? विसाव्या शतकाच्या आरंभीं त्यांना सरासरी दहा वर्षांचेंही आयुष्य लाभत नसे. आज जेथें उपचार मिळतात तेथें तें साठीच्या घरांत गेलें आहे. गुणसूत्र तेंच, बदलली ती हृदयावरची शस्त्रक्रिया, औषधें, आणि मुलाला आश्रमांत टाकून न देण्याची रीत. निम्म्यांच्या सुमारास मुलांच्या हृदयांत जन्मतः कांहींना कांहीं बिघाड असतो. आमच्या स्नेह्यांच्या मुलाचें हृदय तो एक वर्षाचा असतांना दुरुस्त झालें. तो उशिरां चालला, त्याहून उशिरां बोलला. त्याचें बोलणें परक्याला अजून कळत नाहीं. पंगतींत वाढावयाचें काम त्याला फार आवडतें, आणि मीठ वाढतांना तो कोणालाही वगळत नाहीं, नको म्हणणाऱ्यालाही नाहीं. त्याची आई दमते. तीं मुलें म्हणजे देवाघरचीं फुलें, असें कोणी तिच्यापाशीं म्हटलें तर ती तेथून उठून जाते, आणि तिचें तें उठून जाणें आम्हांस योग्य वाटतें.

आमचा सल्ला तिनें मानला नाहीं. तीन आठवड्यांनीं तिनें बहिणीला कागद दाखविला. बहीण रडली नाहीं. ती संतापली, आणि तिच्या संतापाचें कारण गुणसूत्र नव्हतें. “ताई, वर्षभर हें तुझ्या कपाटांत होतें?” एवढेंच ती पुन्हां पुन्हां म्हणत राहिली. तिनें रक्त दिलें. तिचींही ४५ निघालीं. ज्या तरुणाशीं तिचें ठरत आलें होतें त्याला तिनें स्वतः गांठून सर्व सांगितलें. त्यानें दोन दिवस मागितले. तिसऱ्या दिवशीं तो डॉक्टरीणबाईंचें नांव व पत्ता विचारावयास आला, आणि दोघेंही तेथें जाऊन आलीं. लग्न ठरल्याप्रमाणें झालें. पहिल्या मंगलाष्टकालाच मुलानें आपल्या मुठींतल्या सगळ्या अक्षता उधळल्या आणि नंतर प्रत्येक पाहुण्यापुढें हात पसरून आणखी मागत फिरला. बारशाच्या संध्याकाळीं आम्हांस रस्त्यापर्यंत पोहोंचविणारे मामाही मांडवांत होते. त्यांनीं अद्यापि आपलें रक्त तपासावयास दिलेलें नाहीं, आणि त्यांना दोन मुलगे आहेत. नवऱ्यामुलाच्या आईबापांना मात्र कांहींच सांगितलें नाहीं. दोघांनीं मिळून तसें ठरविलें होतें. तें योग्य झालें कीं नाहीं याविषयीं आमच्या घरांत दोन मतें आहेत, आणि आमचें स्वतःचें मत दर दोन-तीन महिन्यांनीं बदलतें.